काकांना घातलेली टोपी

रविवारी सकाळी पुतणीने काकांना टोपी घातली. खरोखरची टोपी, फसवणुकीची नव्हे. निदान त्या वेळी तरी तिच्या मनात तसलं काही नव्हतं.

टोपी जाड सुती कापडाची, राखाडी रंगाची होती. आतल्या पट्टीला बिस्किटाएवढ्या काळ्या चकत्या शिवलेल्या होत्या आणि बाहेरून, कपाळाच्या बरोबर मध्यावर, मोहरीएवढा हिरवा दिवा होता. काकांनी ती डोक्यावरून काढली, उलटसुलट करून पाहिली, हुंगली आणि विचारलं, "सेल कुठं घालायचा?"

"सेल नाहीच काका! तीच तर गंमत आहे. तुमच्या डोक्यातून सारखी उष्णता बाहेर पडत असते. ती वायाच जाते ना? या चकत्या ती वापरतात. आतली बाजू डोक्याला टेकून गरम, बाहेरची बाजू हवेनं गार. त्या फरकावर चिमूटभर वीज तयार होते. तेवढ्यावर आतला सेन्सर चालतो, अंगाचं तापमान मोजतो आणि माझ्या फोनवर पाठवतो. पाठवताना हा दिवा लुकलुकतो."

"माझ्या डोक्यातलं काही वाया जातं, हे मला मान्य नाही," काका म्हणाले आणि त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

हेच डोकं निवडायला कारण होतं. एक तर त्यावर औषधालाही केस नव्हता, त्यामुळे चकत्या थेट कातडीला टेकत. दुसरं म्हणजे पुतणी नोकरीसाठी काका-काकूंकडेच राहायची, त्यामुळे ते डोकं सकाळ-संध्याकाळ हाताशी होतं. ती ज्या प्रयोगशाळेत काम करत होती तिथे वाया जाणाऱ्या उष्णतेवर सेन्सर चालवायचं संशोधन चाले. बाकीची मंडळी भट्ट्यांच्या धुराड्यांवर आणि वाफेच्या पाइपांवर चकत्या चिकटवत. पुतणीचा हट्ट मात्र माणसांचा. शीतगृहात राबणारे कामगार, एकटे राहणारे म्हातारे, यांच्या अंगावर असं काहीतरी हवं की ज्याचा सेल ऐन वेळी संपणार नाही, असं ती म्हणे. तिच्या सरांना ते पटत नव्हतं. "पाइप कसा, लावला तिथं राहतो," ते म्हणत. "माणसाचं काही सांगता येत नाही."

महिनाअखेरीला एक समिती येणार होती. समितीला टोपी पटली तर काम पुढे चालू राहणार. नाही पटली तर दोन वर्षांची मेहनत कपाटात आणि पुतणी दूरच्या एका कारखान्यात, पाइपांच्या सेवेला. काकूंनी हे ऐकल्यापासून तिच्या ताटात रोज एक घास जास्त वाढायला सुरुवात केली होती.

आता काकांविषयी. काका छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात उभा जन्म गेलेला माणूस घरी आल्यावर एकदम डोळे मिटून कसा बसेल? साबणाचं वेष्टन असो की विजेचं बिल, काकांच्या हातात कागद आला की त्यातली चुकीची वेलांटी आपण होऊन उठून उभी राहायची. आणि मग काका उठून उभे राहायचे. राग तर त्यांच्या नाकावरच असे. तो पोटात मात्र कधी नव्हता, ओरडून झालं की पाचव्या मिनिटाला "चहा कुणाकुणाला?" म्हणून तेच विचारत.

टोपी घातली त्याच संध्याकाळी दाराखालून चष्म्याच्या दुकानाची जाहिरात आत आली.

"द्रुष्टी!" काका गरजले. "द्रुष्टीदोषावर खात्रीशीर उपाय! अरे, ज्याला साधा ऋकार दिसत नाही तो माझे डोळे तपासणार?"

काका सुरू झाले की काकूंची एक ठरलेली कवायत असे. आधी गॅस बंद, मग शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून खिडक्या बंद, खिडक्या लावल्या की कोंदतं म्हणून पंखा सुरू, आणि शेवटी काकांच्या हाताशी पाण्याचा पेला. हे सगळं त्या अर्धवट झोपेतसुद्धा करू शकल्या असत्या. त्या दिवशीही त्यांनी ते केलं, आणि पाणी ठेवता ठेवता त्यांचं लक्ष काकांच्या कपाळाकडे गेलं.

"अगं, दिवा लागला!"

पुतणी धावत आली. दिवा खरंच लुकलुकत होता. दिवसभर मख्ख असलेला फोन टणटण वाजत होता. काका ऋकारावरून उकारावर गेले, उकारावरून एकूण समाजाच्या घसरणीवर गेले, आणि दिवा बिचारा इमानदारीने लुकलुकत राहिला. ओरडण्याच्या भरात काकांना स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता. काका शांत झाले, काकूंनी पंखा बंद करून खिडक्या उघडल्या, आणि थोड्या वेळाने दिवाही विझला.

दुसऱ्या दिवशी बातम्यांच्या पट्टीत 'आर्शिवाद' आला. पुन्हा दिवा. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात कुणीतरी ऱ्हस्व वेलांटीचं 'नाविन्यपूर्ण' लिहून मिठाईच्या दुकानाचं कौतुक केलं. पुन्हा दिवा. एरवी मात्र घरात टोपी डोक्यावर असूनही काळोख. बाहेर जाताना काका ती काढूनच ठेवत.

"काकू, कळलं का?" पुतणीचे डोळे दिव्याहून जास्त चमकत होते. "तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतो ना आपण? ती खरंच जाते! राग आला की रक्त डोक्याकडे धावतं, डोकं तापतं, आणि टोपी चालते!"

"मला हे लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून माहीत आहे," काकू म्हणाल्या. "टोपी कशाला हवी होती?"

पुतणी चांगली शिकलेली होती. उष्णतेविषयी तिला जे ठाऊक होतं त्यातलं निम्मंसुद्धा आपल्याला कळणार नाही. पण माणूस कितीही शिकला तरी विचार आपल्या भाषेतच करतो. डोकं तापतं, डोकं फिरतं, डोक्याची भट्टी होते, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. त्याचा पुरावा असा घरबसल्या, स्वतःच्या काकांच्या कपाळावर मिळाल्यावर आणखी दुसरं कारण शोधायला कोण जातो?

घरात टोपीचा फायदा सगळ्यात आधी चिरंजीवांना झाला. चिरंजीव म्हणजे काकांचा मुलगा. विमा कंपनीत कामाला होता, अंगापिंडाने वडिलांच्या दीडपट होता आणि वडिलांना वचकून असे. गेल्या महिन्यात त्याने काकांची लाडकी स्कूटर एका खांबाला नेऊन भिडवली होती आणि चेपलेली बाजू भिंतीकडे करून ती रोज तशीच उभी करत होता. आता तो बाहेरून आला की आधी दारातून मान आत घालून विचारी, "दिवा आहे का?" दिवा नसेल तरच चपला काढी. स्कूटरचं मात्र दिवा नसतानाही सांगायचा धीर त्याला होत नव्हता.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पुतणीने ते सरांना सांगितलं आणि गोष्ट हाताबाहेर गेली.

"रागावर चालणारा सेन्सर!" सर खुर्चीतून उठले. आजवर टोपीला नाकं मुरडणारे सर ते हेच का, असा तिला प्रश्न पडला. "अहो, हे आधी नाही का सांगायचं? माणसाचा पारा चढला की दिवा लागतो! समितीच्या अध्यक्षबाईंना हेच दाखवू. मी आजच त्यांना कळवतो."

"पण सर, अजून नीट तपासायला..."

"काका येतील ना? आणि हे पाहा, त्यांना यातलं काही सांगायचं नाही. सांगितलं तर ते नाटक होईल. राग खरा हवा."

संध्याकाळी सरांनी तयारीची चौकशी करायला फोन केला. पुतणी गॅलरीत उभी राहून हळू आवाजात बोलत होती. काका नेमके कपडे वाळत घालायला तिकडे आले आणि त्यांच्या कानावर एवढंच पडलं: "हो सर, काका रागावतीलच. नाही, ते कुठंही रागावतात. समितीलाही दिसेल ना, ते कसे आहेत ते."

काका ओला टॉवेल हातात धरून तसेच मागे फिरले.

त्यांना फार वाईट वाटलं. पुतणीचा राग नाही आला. स्वतःचीच लाज वाटली. पोरीला काळजी पडली असणार, असं त्यांनी मनाशी धरलं. एवढी मोठी माणसं समोर, तिच्या दोन वर्षांच्या कामाचा निकाल, आणि आपण कुठल्यातरी वेलांटीवरून तिथे थयथयाट करणार, याची तिने आधीच सरांना कल्पना देऊन ठेवली! एवढे का आपण हाताबाहेर गेलेले आहोत? त्याच क्षणी काकांनी ठरवलं की समितीचा दिवस पार पडेपर्यंत, काही झालं तरी, कुणावर आवाज चढवायचा नाही. डोक्यावर बर्फ आणि तोंडात साखर. त्यांनी हे कुणालाही सांगितलं नाही, कारण सांगून केलेली गोष्ट आपल्या हातून पार पडत नाही, हा त्यांचा अनुभव होता.

आणि घरात शांतता पसरली.

पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि घडी घालून ठेवलं. तेव्हा काकू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन त्यांच्याकडे बघून गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी पुतणीला बाजूला घेतलं.

"अगं, हे ओरडत नाहीत. डॉक्टरांना दाखवू या का?"

"काकू, दिवाही लागत नाहीये. परवापासून एकदाही नाही!" पुतणीचा चेहरा उतरला होता. "टोपी बिघडली वाटतं."

तिने टोपी उसवली, तारा तपासल्या, पुन्हा शिवली. मग ती उकळत्या किटलीवर पालथी घालून पाहिली. दिवा लगेच लुकलुकायला लागला. म्हणजे टोपी ठणठणीत होती. बिघाड काकांत होता.

मग सगळ्यांनी मिळून काकांची दुरुस्ती हाती घेतली. चिरंजीवांनी फ्रिजच्या दारावर ठसठशीत अक्षरांत चिठ्ठी लावली: 'दुध संपले आहे.' दूधमधला उकार इतका आखूड की लांबूनही डोळ्यात खुपावा. तिघं दाराआड उभे राहिले. काका आले. चिठ्ठीसमोर थांबले. त्यांचा हात खिशातल्या लाल पेन्सिलीकडे गेला, तिथेच अडला आणि खाली आला. मग त्यांनी पिशवी घेतली आणि ते दूध आणायला निघून गेले.

"गेलं हातातून," चिरंजीव पुटपुटले.

छापखान्यातूनही एकाचा फोन आला, साहेबांची तब्येत बरी आहे ना म्हणून. आज त्यांनी एका लेखकाला 'असू द्या' म्हटलं, असं तो घाबऱ्या आवाजात सांगत होता.

पुतणीने एकदा आडून विचारून पाहिलं. "काका, तुम्ही तिथं अगदी नेहमीसारखं राहायचं हं. मनात काही ठेवायचं नाही."

"तू काळजी करू नकोस," काका तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. "तुझा काका तुला खाली मान घालायला लावणार नाही." आणि ते इतक्या प्रेमाने हसले की पुतणीला रडूच आलं.

समितीचा दिवस उजाडला. काकांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी दोनदा केली, टोपी नीट बसवली. काकू आणि चिरंजीवही सोबत निघाले. पुतणीच सगळ्यांना या म्हणाली होती. ऐन वेळी काकांना चिडवायला माणसं कमी पडू नयेत, हा त्यातला खरा हेतू.

सभागृहात पाऊल टाकलं आणि पुतणी दारातच थबकली. सरांनी हौसेने मंचामागे भला मोठा कापडी फलक लावून घेतला होता. त्यावर लिहिलं होतं: 'ऊष्णतेतून उर्जा'.

उष्णतेचा उकार ऱ्हस्व आणि ऊर्जेचा दीर्घ, हे तिला काकांनी पाटीवर बोट धरून शिकवलं होतं. फलकावर दोन्ही उकारांनी एकमेकांची जागा घेतली होती. आत शिरल्या शिरल्या हे दिसलं तर काका दारातच पेटतील आणि समिती येईपर्यंत विझूनही जातील, म्हणून तिने त्यांना फलकाकडे पाठ करून बसवलं आणि स्वतः मध्ये उभी राहिली.

समितीत तिघं होते. बोलायच्या मात्र एकट्या अध्यक्षबाई. पांढऱ्या केसांच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या, आणि समोरचा बोलत असताना फाइलवर बोटं वाजवायची सवय असलेल्या. पडद्यावर चित्रं दिसावीत म्हणून सगळे पडदे ओढले होते, खिडक्या गच्च लावल्या होत्या. आत चांगलंच उकडत होतं.

पुतणीने टोपीची माहिती सांगितली. सर मध्ये मध्ये 'राग' या शब्दावर जोर देत होते. काकांना वाटलं, आपल्याला ताकीद मिळते आहे. ते आणखी ताठ आणि आणखी प्रसन्न बसले.

"मग?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "दिवा कुठं आहे?"

सर खाकरले आणि काकांकडे वळले. "आपण मुद्रितशोधक ना? आता काय, संगणकच चुका काढतो म्हणे. तुमच्यासारख्यांची तशी गरज राहिली नाही."

काकांच्या जबड्याची शीर उडाली. "खरं आहे," ते म्हणाले. "काळ बदलतो."

दिवा ढिम्म.

पुतणीने चिरंजीवांकडे पाहिलं. चिरंजीव घाम पुसत उठले. बहिणीसाठी माणसाने जीव द्यावा म्हणतात, तसा त्यांचा चेहरा झाला होता. "बाबा," त्यांनी डोळे मिटून सांगून टाकलं, "तुमची स्कूटर मी ठोकली. महिना झाला. चेपलेली बाजू भिंतीकडे करून ठेवतो रोज."

सरांनी आशेने काकांच्या कपाळाकडे पाहिलं.

"तुला लागलं नाही ना कुठं?" काकांनी विचारलं.

चिरंजीवांचे डोळे भरून आले. एवढी वर्षं आपण कुणाला घाबरत होतो, असं त्यांना झालं, आणि ते मटकन खाली बसले. दिवा अर्थातच लागला नाही. अध्यक्षबाईंची बोटं फाइलवर वाजू लागली.

आता एकच अस्त्र उरलं होतं. पुतणी काकांजवळ गेली. तिच्या जिवावर आलं होतं, पण डोळ्यांसमोर पाइपच पाइप दिसत होते. "काका, जरा मागं वळून बघता? आमचा फलक कसा वाटतो?"

काका वळले. त्यांनी फलक वाचला. पुन्हा वाचला. त्यांचे कान लाल झाले, मान लाल झाली, गळ्याची घाटी वर गेली आणि बराच वेळ वरच राहिली. टोपीखालून घामाची धार कानामागे उतरली. खिशातल्या लाल पेन्सिलीचे दोन तुकडे झाल्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत ऐकू आला.

"छान आहे," काका म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "कापड चांगलं आहे."

पुतणीने हात टेकले. मुद्रितशोधकाने असा फलक वाचून 'छान आहे' म्हणावं, यापुढे काही उरत नाही. का कोण जाणे, पण हे आपल्यासाठी चाललं आहे, एवढं तिला त्या घामावरून कळलं. तिला पाइपांचं दुःख वाटेनासं झालं. ती समितीकडे वळली आणि म्हणाली, "टोपी चालत नाहीये. माफ करा. माझंच काहीतरी चुकलंय."

तोवर काकूंना राहवेना. नवऱ्याच्या डोक्यावरून ओघळणारा घाम त्या मघापासून बघत होत्या. त्या तरातरा पुढे आल्या, अध्यक्षबाईंच्या पुढ्यातली फाइल त्यांनी बोटांखालून काढून घेतली आणि काकांच्या मागे उभं राहून जोरजोरात वारा घालायला लागल्या.

"चुकलं असेल नाहीतर नसेल," त्या म्हणाल्या. "या माणसाला आधी वारा लागू दे. किती घामेजलंय बघा डोकं!"

आणि दिवा लागला. हिरवा, टपोरा, एकामागून एक लुकलुकणारा. पुतणीचा फोन टणटण वाजू लागला.

"राग आला!" सर ओरडले. "बघा, आला!"

"कुणाला? मला?" काका दचकले. "मी कुठं रागावलोय? शपथेवर सांगतो!"

अध्यक्षबाई उठल्या आणि काकांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "बाई, वारा थांबवा जरा." काकूंनी फाइल खाली घेतली. दिवा मंदावला आणि विझला. "आता घाला." दिवा लागला. असं तीन-चारदा झालं. मग त्यांनी पुतणीकडे चष्म्यावरून पाहिलं. "घरी हे रागावले की दिवा लागायचा, असं म्हणालीस ना? ते रागावले की घरात आणखी काय व्हायचं?"

"काही नाही. म्हणजे... काकू पाणी देते."

"आणि गॅस बंद करते," काकू म्हणाल्या. "खिडक्या लावते. मग कोंदतं म्हणून पंखा."

"एरवी पंखा नसतो?"

"छे! यांची प्रुफं पसरलेली असतात ना टेबलावर. एक कागद उडाला तर घर डोक्यावर घेतील."

पुतणी तिथल्या तिथे खुर्चीवर बसली. आतली बाजू गरम, बाहेरची गार, त्या फरकावर वीज, हे तिने स्वतः काकांना पहिल्याच दिवशी समजावलं होतं. काकांचं डोकं आत जेवढं तापायचं तेवढंच तापत होतं. बाहेरून ते गार करत होत्या काकू. घरादाराने ज्या दिव्याला काकांचा राग समजून चपला काढल्या नव्हत्या, तो काकूंच्या पंख्याचा दिवा होता.

"पण दोन्ही कारणं असू शकतात," सर घाईघाईने म्हणाले. सगळीकडे कळवून बसले होते बिचारे. "रागाचाही वाटा असेल."

"असेलही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "त्यासाठी माणूस खरा रागावलेला हवा आणि वारा अजिबात नको. तसं केलं असतंत तर आज मला काहीतरी ठरवता आलं असतं."

काका इतका वेळ एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या कपाळावर हळूहळू एक आठी उमटली.

"एक मिनिट," ते म्हणाले. "म्हणजे मी रागवावं, अशी तुमची इच्छा होती?"

पुतणीने मान हलवली.

"म्हणून ते संगणकाचं? ती दूध आणायची चिठ्ठी?"

"हो, बाबा."

"आणि मी आठवडाभर..." काका उठून उभे राहिले. त्यांनी एकदा पुतणीकडे पाहिलं, एकदा चिरंजीवांकडे पाहिलं, आणि मग त्यांची नजर सावकाश त्या फलकावर जाऊन थांबली. "आठवडाभर मी उगाच शांत राहिलो?"

काकूंनी फाइल शांतपणे टेबलावर ठेवून दिली.

"ऊष्णता!" काका कडाडले. पडदे हलले म्हणणाऱ्याला खोटं ठरवणं अवघड होतं. "ऊष्णता म्हणे! अरे, तो ऊ एवढा लांब ताणलात आणि ऊर्जेच्या वेळी काय दम संपला? विज्ञानाची प्रयोगशाळा आणि दारातच दोन खून! कुणी लिहिलंय हे?" सर दोन पावलं मागे सरले. "तुम्ही? संगणकानं चुका काढल्या नाहीत वाटतं! आणि तू रे गाढवा, महिनाभर स्कूटर भिंतीकडे तोंड करून उभी करतोस? आणि दुध? दुध? कोणत्या शाळेत घातलं होतं तुला मी?"

'असू द्या' म्हणून सोडलेला लेखक आला, वर्तमानपत्राची सात पहिली पानं आली. काकांची मान लाल होती, कान लाल होते, टोपीसुद्धा लाल व्हायची बाकी होती. चिरंजीव समाधानाने मान खाली घालून उभे होते. पुतणी हसत होती आणि डोळे पुसत होती.

अध्यक्षबाई मात्र फक्त काकांच्या कपाळाकडे बघत होत्या. खिडक्या बंद, पडदे बंद, वाऱ्याची झुळूक नाही, आणि काका आयुष्यात तापले नसतील इतके तापलेले. दिवा ठार विझलेला होता.

"झालं सिद्ध," त्या गोंगाटातच पुतणीच्या कानाशी ओरडून म्हणाल्या. "रागाचं सगळं काढून टाक. टोपी चालते, काम चालू ठेव. बाहेरून ती जास्त गार कशी राहील तेवढं बघ."

पुतणीने त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले.

काका आता एकूण समाजाच्या घसरणीपर्यंत आले होते. अध्यक्षबाईंनी आपली फाइल उचलली आणि ती हळूच काकूंपुढे धरली. "बाई, घाला आता वारा. केव्हाचे ओरडताहेत."

काकूंनी फाइल घेतली नाही. त्या पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर ऐसपैस टेकून बसल्या.

"थांबा हो जरा," त्या म्हणाल्या. "आठवड्यानं ऐकतेय."